उतारावरचा वाहुहू

गिडियन लॅथम व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या मुलखात जन्मला. बापाची जमीन होती, पण तिच्यात जीव उरला नव्हता. तंबाखू सात-आठ वर्षांत जमीन चोखून टाकते. गिडियन नऊ वर्षांचा असताना बाप तापाने गेला. शेत आणि त्या शेतावर राबणारे चार गुलाम चुलत्याकडे गेले, आईने चर्चच्या कारकुनाशी दुसरं लग्न केलं. सावत्र बाप वाईट नव्हता. त्याला जगात एकाच गोष्टीची चाड होती, ती म्हणजे अक्षराची. गिडियनकडून तो दफनांच्या याद्या उतरवून घ्यायचा आणि एखाद्या अक्षराची शेपटी चुकली तर अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचा. चौदाव्या वर्षापर्यंत त्याचं अक्षर असं झालं की आजूबाजूचे लोक पत्रं लिहून घ्यायला त्याच्याकडे येऊ लागले.

अठराव्या वर्षी तो पलटणीत भरती झाला, तेव्हा नेमबाजीपेक्षा हे अक्षरच त्याच्या कामी आलं. डोंगराच्या अलीकडे एक लाकडी गढी होती. तिथला कॅप्टन बेंब्रिज शूर होता, पण त्याला धड चार ओळी लिहिता येत नव्हत्या. त्याने गिडियनला हाताशी धरलं आणि वर्षभरात त्याला सर्वांत खालचा का होईना, अधिकारी करून टाकलं.

त्या वेळी इंग्रजांची लढाई फ्रेंचांशी चालली होती आणि डोंगरापलीकडचे मूळ रहिवासी चेरोकी इंग्रजांच्या बाजूने होते. त्यांचे तरुण उत्तरेत लढून डोंगरवाटेने घरी परतत. पण वाटेवरच्या वसाहतींतून एखादा घोडा नाहीसा झाला की दिसेल तो चेरोकी चोर ठरे. एप्रिलमधल्या एका सकाळी बेंब्रिजने गिडियनच्या हाताखाली सहा शिपाई देऊन त्याला घोडेचोर अडवायला नदीच्या उतारावर, म्हणजे पायी नदी ओलांडायच्या जागी, पाठवलं. धुकं होतं. तिघे जण कमरेइतक्या पाण्यातून येताना दिसले. पहिली गोळी कोणी झाडली ते नंतर कोणालाच सांगता आलं नाही, पण एकदा एक सुटल्यावर सगळ्यांनीच झाडल्या, गिडियननेही. दोघे पळाले. तिसरा अलीकडच्या काठाशी येऊन पडला.

तो विशीतला असेल. त्याच्या कमरेच्या पिशवीत तेलकट कातड्यात गुंडाळलेला एक कागद निघाला. उत्तरेतल्या एका इंग्रज कर्नलने लिहिलं होतं: हा वाहुहू नावाचा योद्धा आमच्या बाजूने लढला आहे, त्याला वाटेत अन्न आणि सुरक्षितता द्यावी.

शिपाई तसेच निघणार होते. गिडियनने त्यांना थांबवून खड्डा खणायला लावला. गढीवर येऊन त्याने घडलं तसं लिहिलं आणि कागद सोबत जोडला. बेंब्रिजने तो वाचून घेतला, दोनदा वाचून घेतला, आणि चुलीत टाकला. म्हणाला, "आता नीट लिही. शत्रूचा एक ठार, दोन फरार." गिडियनने नीट लिहिलं. अक्षर सुरेख आलं होतं.

अशी मरणं त्या वसंतात पुष्कळ झाली. त्यातून चेरोकींशीच युद्ध पेटलं आणि तीन वर्षं चाललं. दोन्हीकडची घरं जळाली, मक्याची उभी शेतं कापली गेली. सतराशे एकसष्टच्या हिवाळ्याच्या तोंडाशी एकदाचा तह झाला. तहावर खूण करायला डोंगरापलीकडच्या कनासी गावचा प्रमुख दोया आला होता. दोया म्हणजे नदीला बांध घालणारा बीव्हर, आणि माणूसही तसाच होता: बुटका, रुंद, कामाला लागला की न थांबणारा. खूण करून झाल्यावर तो म्हणाला की कागद तुमच्या लोकांसाठी ठीक आहे, आमच्या पोरांना कागद वाचता येत नाही. तुमचा एक माणूस आमच्यात राहायला द्या. तो आमचं खाताना दिसला, आमच्यात झोपताना दिसला, की त्यांना पटेल.

तह करायला आलेल्या इंग्रज कर्नलने आपल्या अधिकाऱ्यांकडे पाहिलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. गिडियन पुढे झाला. कर्नलला वाटलं, पोरगा बढतीसाठी धडपडतोय. गिडियनला स्वतःला विचारलं असतं तर त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

सोबतीला दुभाषा म्हणून डंकन मॅकरे मिळाला. बाप स्कॉटिश व्यापारी, आई चेरोकी, वय पन्नाशीचं, आणि तोंड सदा चालू. दोघे होडीने निघाले. त्या साली नदीला पाणीच नव्हतं. एका दिवसात एकोणीस वेळा उतरून होडी दगडांवरून ओढावी लागली. सातव्या दिवशी होडी उलटली आणि बंदुकीच्या दारूची पिशवी भिजली, म्हणजे बंदूक नुसती काठी झाली. पुढचे पाच दिवस त्यांनी मक्याचं भाजलेलं पीठ थंड पाण्यात कालवून खाल्लं.

"साहेब," मॅकरे म्हणाला, "तुम्ही होडीत कमी आणि पाण्यात जास्त असता. गावात गेल्यावर तुमचं नाव पडणार बघा, मासा."

तसंच झालं. ते कनासीला पोचले तेव्हा काठावर निम्मं गाव उभं होतं आणि गिडियन गुडघाभर पाण्यात होडी ढकलत होता. संध्याकाळपर्यंत गावातली पोरंसोरंसुद्धा त्याला मासा म्हणू लागली.

दुसऱ्या दिवशी सभाघरात तह वाचायचा होता. सात कुळांची माणसं आपापल्या बाजूला बसली, बायकाही बसल्या. आधी चिलीम फिरली. गिडियनला प्रत्येकाच्या हातून एक झुरका घ्यावा लागला, आणि माणसं चारशेच्या वर होती. शेवटी त्याचा चेहरा हिरवट पडला तेव्हा कोणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले. त्याने कलमं वाचली, मॅकरेने ती चेरोकीत सांगितली. कैद्यांच्या अदलाबदलीचं कलम दोयाने तीनदा वाचायला लावलं. तिन्ही वेळा शब्द तेच आले, तेव्हा तो समाधानाने मागे टेकला.

मग एका म्हाताऱ्याने विचारलं, तुझं कूळ कोणतं? गिडियन म्हणाला, लॅथम. ते तर बापाचं नाव झालं, म्हातारा म्हणाला. आईचं सांग, मामाचं सांग. गिडियनला मामा होता की नाही हेच ठाऊक नव्हतं. सभाघरात कुजबुज झाली. मॅकरे त्याच्या कानाशी लागला, "त्यांना तुमची कीव येतेय. गप बसा, कीव आलेली बरी."

त्याची सोय दोयाच्या थोरल्या बहिणीकडे झाली. तिचं नाव गुग्वे, पन्नाशीची, हरिणकुळातली, उंच आणि कमी बोलणारी. घरात तिच्याखेरीज कोणी नव्हतं. ती त्याला घेवड्याचे दाणे घालून उकडलेल्या मक्याच्या भाकऱ्या द्यायची, अक्रोडासारख्या हिकरीच्या गराची दाट आमटी द्यायची, वर अस्वलाची चरबी. त्याचं चेरोकी ऐकून तिला राग यायचा. "तू बोलतोस की चावतोस?" ती म्हणायची, आणि चुकलेला शब्द त्याच्याकडून दहादा घोटून घ्यायची. गिडियनला सावत्र बापाची आठवण होई. महिन्याभरात तो दुभाष्यावाचून रोजचं बोलू लागला.

भिंतीला एक धनुष्य टांगलेलं होतं. ते कधी कोणी काढत नसे. एकदा मॅकरेबरोबर लाकडं तोडायला गेला असताना गिडियनने ते कोणाचं म्हणून विचारलं.

"तिच्या पोराचं," मॅकरे म्हणाला. "तुमच्या राजासाठी उत्तरेत लढायला गेला होता. येताना उतारावर शिपायांनी मारला. दोघे पळून आले, त्यांनी सांगितलं. वाहुहू नाव होतं त्याचं. चांगला होता. नकला फार छान करायचा, माझीही करायचा."

गिडियनच्या हातातली कुऱ्हाड लाकडात तशीच राहिली. मॅकरेने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, कुऱ्हाड उपटून आपल्या हातात घेतली आणि विचारलं, "तू होतास?" गिडियनने मान डोलावली.

मॅकरेने कुऱ्हाड ओंडक्याला टेकवून ठेवली. मग त्याने समजावून सांगितलं. कुळातला माणूस मेला तर मारणाऱ्याच्या कुळातला एक जीव त्याच्या बदल्यात जायचा, हा इथला कायदा. तू दूत आहेस म्हणून कदाचित वाचशील, कदाचित नाही. तू मेलास तर तुझे लोक येतील आणि पुन्हा तेच सुरू होईल. तेव्हा तोंड शिवून टाक, वसंतापर्यंत लाकडं तोड आणि घरी जा. "सत्य सांगून तुझं मन हलकं होईल," तो म्हणाला, "आणि मरतील ते दुसरेच."

हे बोलणं बरोबर होतं, आणि गिडियनने ते मानलं. पाच आठवडे तो काही बोलला नाही. पण गुग्वेच्या हातचं अन्न त्याला जाईनासं झालं. तो वाळत चालला तेव्हा तिने कसल्याशा मुळांचा काढा करून त्याला बसवून पाजला आणि रिकामं भांडं बघितल्यावरच उठली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती दाराशी उखळात मका कांडत होती. गिडियन तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. दुभाष्याला त्याने बोलावलं नव्हतं.

"वाहुहूला मारलं त्या माणसांत मी होतो," तो म्हणाला.

मुसळ वर होतं, ते तिने सावकाश उखळात टेकवलं. "पुन्हा सांग. तुझं बोलणं चुकतं कधी कधी."

त्याने पुन्हा सांगितलं. शब्द तेच होते.

"सात जण होतो. सगळ्यांनी बंदुका झाडल्या. माझी गोळी लागली की नाही ते मला माहीत नाही."

"मी ते विचारलं नाही," गुग्वे म्हणाली. "पाण्यात पडला की जमिनीवर?"

"काठावर. हात जमिनीवर होते."

"काही बोलला?"

"एक शब्द. तेव्हा मला तुमची भाषा येत नव्हती."

"आता येते. कसा होता तो शब्द?"

गिडियनने आठवून तो उच्चारला. चार वर्षांत तो झिजला असेल, बदलला असेल. गुग्वेने डोळे मिटून ऐकला.

"'थांबा' म्हणाला तो," ती म्हणाली. "मागच्या दोघांना असेल, नाहीतर तुम्हाला." मग तिने विचारलं की त्याचं पुढे काय झालं. गिडियनने खड्ड्याबद्दल सांगितलं: छातीइतका खोल, वरून दगड रचलेले, बाजूला पांढऱ्या सालीचं एक दुभंगलेलं झाड. कागदाबद्दलही सांगितलं, आणि आपण नंतर काय लिहून दिलं तेही.

"दोयाच्या घरी जा," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत इकडे येऊ नकोस." आणि तिने मुसळ उचललं, कारण मका अर्धाच कांडला होता.

कुळातल्या मरणाचा निवाडा बायकाच करत, म्हणून हरिणकुळाच्या बायका दोन दिवस विचाराला बसल्या. गिडियन दोयाच्या घरात होता. दाराशी दोघे तरुण बसले होते, ते त्याला कोंडायला होते की राखायला, हे त्याला कळलं नाही. मॅकरेने त्याला इतक्या शिव्या दिल्या की दोन्ही भाषांतला साठा संपला, मग तो त्याच्याच शेजारी येऊन बसला आणि उठला नाही. तिसऱ्या सकाळी सभाघरात बोलावणं आलं. वाहुहूचा एक मावसभाऊ जीव मागत होता, आणि कायद्याने त्याचं चूक नव्हतं. गुग्वे उभी राहिली.

"या माशाला कूळ नाही," ती म्हणाली. "आपण सगळ्यांनी ऐकलंय. गोऱ्यांना कूळच नसतं, मग जीव मागायचा कोणाच्या कुळाकडे? आपण त्यांच्या सगळ्यांकडेच मागितला. तीन वर्षं मागितला. माझ्या पोराच्या बदल्यात किती गेले, मला मोजता येत नाही. आपले किती गेले, ते मात्र येतात मोजता. मला आणखी नको. मला माझा मुलगा पाहिजे. जिथे पुरलाय ती जागा हा मला दाखवील. आणि बर्फ वितळेपर्यंत माझी लाकडं आणील, माझं छप्पर शाकारील, वाहुहूने केलं असतं ते सगळं करील. याला मी मुलगा मानत नाही, कोणी तसं म्हणू नका. हा फक्त काम करील."

मावसभाऊ उठून निघून गेला. पण त्याने नंतर काही केलं नाही, कारण हरिणकुळाच्या बायकांचा शब्द पडला होता.

त्या हिवाळ्यात गिडियनने छप्पर शाकारलं, लाकडं वाहिली, दोनदा अस्वलाच्या शिकारीला गेला आणि एकदा रिकाम्या हाताने परतला. तो दोयाकडे झोपे आणि सकाळी गुग्वेच्या अंगणात कामाला जाई. ती काय करायचं ते सांगे, आणखी काही नाही. भाषेच्या चुका तिने दुरुस्त करणं सोडून दिलं, आणि गिडियनला त्याचं जितकं लागलं तितकं दुसऱ्या कशाचं लागलं नाही.

बर्फ गेल्यावर दोया गव्हर्नरला भेटायला व्हर्जिनियाच्या राजधानीत, विल्यम्सबर्गला निघाला. तहाला वर्ष व्हायच्या आत भेट घ्यायची असं ठरलं होतं. बरोबर पाच जण, मॅकरे, गिडियन आणि उतारापर्यंत गुग्वे, तिचे दोन भाचे घेऊन.

उतारावर पोचले तेव्हा नदी भरून वाहत होती. पुरांनी काठ खचला होता, आणि दुभंगलेलं झाड कुठेच दिसेना. गिडियन पुढे-मागे फिरला. त्याने दोन जागा दाखवल्या, दोन्ही खोट्या निघाल्या. भाच्यांपैकी एकाने त्याच्याकडे असं पाहिलं की मॅकरे सावकाश त्या दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. शेवटी दोयाने सुचवलं की झाड पडलं असेल तर त्याचं बूड तरी जमिनीत असेल. दुपारपर्यंत सगळ्यांनी गाळ उकरला आणि बूड सापडलं. त्याच्या बाजूला दगड होते.

गुग्वेने बाकीच्यांना मागे सारलं. हाडं तिने स्वतः एकेक करून काढली, नदीच्या पाण्याने धुतली आणि नव्या हरणाच्या कातड्यात बांधली. तिला डाव्या हाताचं एक मोडून जुळलेलं हाड सापडलं. ते तिने दोयाला दाखवलं. "शेतघराच्या छपरावरून पडला होता, आठवतं?" दोया म्हणाला, "आठवतं, ताई. मीच चढवला होता त्याला."

निघताना ती गिडियनपाशी थांबली. "तुझं काम संपलं," ती म्हणाली. "माझ्या घरी परत येऊ नकोस. गावात आलास तर तुला कोणी हात लावणार नाही, ते मी बघेन." तिने गाठोडं पाठीवर घेतलं. भाचे घ्यायला पुढे झाले, पण तिने दिलं नाही.

विल्यम्सबर्गला दोयाचं स्वागत थाटात झालं. त्याला लाल कोट मिळाला, चांदीचं पदक मिळालं, आणि सात पदार्थांच्या जेवणात त्याला एकही आवडला नाही. तिसऱ्या दिवशी गव्हर्नरच्या सल्लागार मंडळापुढे बोलताना त्याने तहाची खूण असलेला पांढऱ्या मण्यांचा पट्टा टेबलावर ठेवला आणि सांगितलं की माझी एकच मागणी आहे. तुमच्या वहीत माझा भाचा शत्रू म्हणून लिहिलाय. तो मित्र होता. ते खोडा आणि खरं लिहा. पुरावा काय, असं विचारल्यावर त्याने गिडियनकडे बोट दाखवलं.

गिडियनने उभं राहून सगळं सांगितलं. बेंब्रिज आता मेजर झाला होता आणि त्याच खोलीत बसला होता. तो शांतपणे म्हणाला की असा कोणताही कागद मला आठवत नाही, आणि या तरुणाने हिवाळाभर रानटी लोकांत राहून काय काय ऐकलं असेल कोण जाणे. दुसऱ्या दिवशी गिडियनपुढे एक लिहिलेलं निवेदन ठेवण्यात आलं: जीवाच्या धाकाने आपण चेरोकींपुढे खोटं कबूल केलं. खाली सही तेवढी हवी होती. सही केली तर लेफ्टनंटची जागा रिकामी होती. गिडियनने ते वाचून परत केलं. आठवड्याभरात त्याचं नाव पलटणीच्या यादीतून निघालं.

मंडळाच्या वहीत "चेरोकी प्रमुखाची एक तक्रार, चौकशी व्हावी" एवढीच ओळ पडली. चौकशी झाली नाही. दोयाने ती ओळ गिडियनकडून वाचून घेतली. "म्हणजे शत्रू हा शब्द अजून तसाच आहे," तो म्हणाला. गिडियन हो म्हणाला. दोयाने टेबलावरचा पट्टा उचलला नाही. तहासाठी दिलेला पट्टा परत घेतला तर त्याचा अर्थ तह मोडला असा झाला असता. लाल कोट मात्र त्याने सीमेवरच्या गढीत एका खुंटीला टांगून ठेवला आणि पुढे गेला.

गिडियन नंतर जमिनी मोजणाऱ्यांकडे नकाशांवर नावं लिहिण्याच्या कामाला लागला. सीमेपलीकडच्या चेरोकी जमिनीची मोजणी आली की तो ती नाकारायचा, त्यामुळे त्याला काम बेताचंच मिळे. चेरोकी येणारा आणि खरं वाचणारा माणूस म्हणून दोयानेच त्याला पुढे तीनदा बोलावून घेतलं. दर वेळी काही नवं पत्र, सीमेची काही नवी रेषा. तो दोयाकडे उतरायचा, सभाघरात पत्र वाचायचा आणि मॅकरे म्हातारा झाल्यावर त्याचा अर्थही स्वतःच सांगायचा. गुग्वे हरिणकुळाच्या बाजूला बसलेली असे. ती त्याच्याशी बोलत नसे. तिसऱ्या खेपेला मात्र एका कलमाचा अर्थ सांगताना तो एका शब्दावर अडखळला, आणि त्या बाजूने, मान न उचलता, तिने तो शब्द नीट करून सांगितला. गिडियनने तो तसा म्हटला आणि पुढचं कलम वाचायला घेतलं.